गॅरेजसाठी हीटर: आधी सॉकेट बघा, मग खोकं

अमेरिकेत भिंतीतल्या साध्या १२० व्होल्टच्या सॉकेटला लावायचा हीटर तीस डॉलरचा घ्या नाहीतर तीनशेचा, ऊब तेवढीच मिळते. १५०० वॉट, म्हणजे तासाला साधारण ५१०० बीटीयू (उष्णता मोजायचं इथलं माप). सिरॅमिकचा असो, तेल भरलेला असो, लाकडी पेटीसारखा दिसणारा इन्फ्रारेड असो. जितकी वीज आत, तितकीच उष्णता बाहेर. खोक्यावर ‘१००० स्क्वेअर फूट’ छापलेलं असतं, ते छापणाऱ्याच्या हिमतीवर. ‘अगं, पण यावर लिहिलंय ना,’ असं आमच्याकडेही दुकानात उभं राहून म्हणून झालंय. मी इलेक्ट्रिकलची, उभी नोकरी गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेली. खोक्यावरचा मजकूर वाचून वस्तू घ्यायची सवय कधीच मोडली.

माहेर इचलकरंजी, घर आता मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटनला. निवृत्त झाल्यापासून गॅरेजात सुतारकाम करते. पाट, चौरंग, पोळपाट, कधी एखादा देव्हारा. मंडळातल्या ओळखीवर ऑर्डरी येतात आणि त्या नेमक्या थंडीत येतात, कारण लग्नं, मुंजी, वास्तुशांत सगळं इथे उन्हाळ्यावर ढकललेलं असतं आणि वस्तू त्याच्या आधी तयार हवी असते. इथल्या जानेवारीत रात्रीचा पारा सर्रास २० फॅरनहाइटच्या खाली असतो, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे सातच्या आसपास.

बोटं गारठतात ते सहन होतं, हातमोजे आहेत. गोंदाला हातमोजे घालता येत नाहीत. टाइटबाँडचा साधा पिवळा गोंद लावायला किमान ५० फॅरनहाइट लागतं, दोन नंबरच्याला ५५, तीन नंबरच्याला ४७. आणि नुसती हवा तेवढी तापून चालत नाही, फळीसुद्धा तेवढी तापलेली पाहिजे. त्याच्या खाली गेलात की गोंद सुकताना खडूसारखा पांढराफटक पडतो आणि सांध्यात जीव राहत नाही. चौरंगावर उद्या कुणी सत्यनारायण मांडणार, त्याचा पाय पूजेत निखळला तर मंडळात तोंड दाखवायची सोय नाही. तेव्हा मला हवं होतं ५५ फॅरनहाइट, सलग तीन-चार तास. याहून जास्त नको. टी-शर्टवर काम करण्याची हौस नाही.

आता गॅरेज. दोन गाड्यांचं, घराला चिकटलेलं, २० बाय २२ फूट. एक भिंत घराची, ती बरी. बाकीच्या भिंतींत इन्सुलेशन आहे, ठीकठाक. आणि समोर १६ बाय ७ फुटांचं दार. इथल्या बऱ्याच जुन्या घरांत असतं तसं, एकेरी पत्र्याचं.

या दाराचा हिशोब कागदावर मांडून बघा. दार ११२ स्क्वेअर फूट. बाहेर १५ फॅरनहाइट आणि आत ५५ ठेवायचं, म्हणजे फरक ४० अंशांचा. एकेरी पत्र्याला स्वतःचा असा काहीच रोध नसतो. दोन्ही बाजूंना हवेचा जो पातळ थर चिकटून राहतो तेवढाच काय तो, मिळून आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याचं माप) एकच्याही खाली, ०.८५ धरा. ११२ ला ४० ने गुणा, ०.८५ ने भागा. तासाला साधारण ५३०० बीटीयू. हीटर देणार ५१००. म्हणजे पंधराशे वॉटचा हीटर पूर्ण ताकदीने लावला, तर त्याची सगळी कमाई एकटं दार बाहेर नेऊन टाकणार, वर दोनशे उधार. भिंती, छत, काँक्रीटची फरशी आणि फटी अजून मोजलेल्याच नाहीत. ‘हीटर रात्रभर चालू होता तरी गॅरेज गारच’ असं जे लोक सांगतात, त्यांच्या हीटरमध्ये काही बिघाड नसतो. दार बघा.

म्हणून मी पहिला खर्च हीटरवर केलाच नाही. दाराला आतून बसवायच्या फायबरग्लासच्या पॅनेलांचं किट मिळतं, आर-८ चं. दाराच्या प्रत्येक खणात पॅनेल कापून बसवायचं. चौकटीच्या पट्ट्या उघड्याच राहतात, त्यामुळे पूर्ण आर-८ काही पदरात पडत नाही, पाच धरा. तरी तोच हिशोब आता तासाला ९०० बीटीयूवर येतो. ५३०० चे ९००! या पैशांत एवढा फरक करणारा हीटर जगात नाही. त्यासोबत दाराखालची रबराची पट्टी बदलली, ती उंदरांनी आणि मिठाने खाल्ली होती, आणि दोन्ही बाजूंच्या पट्ट्यासुद्धा. एक खबरदारी मात्र घ्या. पॅनेलं लावली की दार जड होतं आणि वरच्या स्प्रिंगचा ताण परत जुळवावा लागतो. ते काम दारवाल्या माणसाकडूनच करून घ्या. त्या स्प्रिंगमध्ये हात मोडण्याइतका जोर भरलेला असतो, तिथे यूट्यूब बघून पान्हा घेऊन चढायचं नाही. नवऱ्याला शिडीवरून उतरवलं ते याच कारणासाठी.

दार झालं तरी २० बाय २२ च्या खोलीला १५०० वॉट पुरत नाहीत. इन्सुलेशन असलेल्या जागेला स्क्वेअर फुटाला दहा वॉट हा ढोबळ ठोकताळा आहे. त्या हिशोबाने मला साडेचार हजार वॉट पाहिजेत. मग पंधराशेवाले तीन लावू या का? अनेकांना हे सुचतं. एक पंधराशेवाला साडेबारा अँपिअर ओढतो. भिंतीतली सर्किटं पंधरा किंवा वीस अँपिअरची, आणि गॅरेजातल्या सॉकेटांची वायर बहुतेक वेळा एकच, तिच्यावरच दार उघडायची मोटर आणि तिच्यावरच फ्रीझर. माझी टेबल सॉ एकटीच पंधरा अँपिअरची. हीटर चालू ठेवून करवत चालू केली की ब्रेकर पडतो, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही तर फ्रीझरमधल्या खवलेल्या नारळाच्या पिशव्यांना घाम सुटतो. दुसऱ्या खोलीतून एक्स्टेंशन कॉर्ड ओढून हीटर लावणं हा तर विषयच नको. हीटर थेट भिंतीत लावायचा. पॉवर स्ट्रिपमध्ये नाही, कॉर्डमध्ये नाही.

इथे भारतातल्यांना गंमत वाटेल. इचलकरंजीच्या घरात गीझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर, २३० व्होल्टवर, तीन हजार वॉट आरामात निघतात. अमेरिकेत साध्या सॉकेटला १२० व्होल्टच, त्यामुळे सगळे हीटर पंधराशेवर येऊन थांबतात. पण घराच्या विजेच्या पॅनेलमध्ये २४० येतंच, ड्रायरला आणि शेगडीला तेच जातं. गॅरेजात ते नेलं की प्रश्न सुटतो.

ते मी शेवटी केलं, पण त्याआधी प्रोपेनबद्दल सांगते, कारण शेजारी, दुकानदार, मुलाचे मित्र, सगळे पहिल्यांदा तेच सुचवतात. ‘मिस्टर हीटर’चा बडी हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला. लहान बडी ४००० आणि ९००० बीटीयूवर चालतो, मोठा १८००० पर्यंत. वायर नको, ब्रेकर नको, दहा मिनिटांत ऊब. ऑक्सिजन कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय त्यात आहे. शेजारच्या आजोबांकडे आहे, ते बर्फात भोक पाडून मासे धरायला जातात तेव्हा तंबूत तोच. त्या कामाला त्याला तोड नाही. वीज गेली तर घरात एखादा असावा असंही माझं मत आहे.

लाकूडकामाला मात्र नको. कार्बन मोनॉक्साइड हे कारण सगळे सांगतात आणि ते खरंच आहे. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणारी सोय म्हणजे मोनॉक्साइडचा अलार्म नव्हे, तो वेगळा घ्यावा लागतो, शिवाय खिडकी किंवा दार थोडं उघडं ठेवावं लागतं. पण माझं कारण दुसरं आहे: पाणी. प्रोपेन जळला की पाण्याची वाफ तयार होते, आणि ती थोडीथोडकी नसते. एक पौंडाचं ते हिरवं सिलिंडर जळून संपलं की पाऊण लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. ही शाळेतली केमिस्ट्री आहे, पेन घेऊन बसलात तर पाच मिनिटांत निघते. ९००० वर ते सिलिंडर अडीच तासही टिकत नाही. मग दुपारभरात दीडेक लिटर पाणी बंद गॅरेजात. ते जाणार कुठे? जे सगळ्यात गार असेल त्यावर जाऊन बसणार. टेबल सॉचा ओतीव लोखंडाचा तक्ता, रंद्याचा तळ, पटाशांची पाती. सकाळी तक्त्यावर बोट फिरवलं तर बोट नारिंगी. मेण चोळून ठेवलेला तक्ताही यातून सुटत नाही. लाकूडही ती ओल पितं, आणि मार्चमध्ये कोरड्या बैठकीत गेलेला पाट मधोमध तडकतो. वर पॉलिशची भानगड वेगळी. शेलॅकच्या स्पिरिटच्या वाफा एकीकडे आणि उघडी ज्योत दुसरीकडे, हे एका छताखाली नको.

रॉकेलवर चालणारे तोफेसारखे हीटर असतात, बांधकामावर दिसतात. उघड्या जागेला ठीक. मला तो वास आला की रेशनच्या रांगेत हातात डबा घेऊन उभी असलेली मी आठवते. तेवढ्यावरच नापास.

छताला टांगायचा गॅसचा हीटर किंवा मिनी-स्प्लिट (भिंतीवरचा, गरमही करणारा एसी) हे कायमचे उपाय, आणि रोज आठ तास गॅरेजात असाल तर मिनी-स्प्लिटच घ्या, वाद नाही. माझं काम शनिवार-रविवारचं आणि अधूनमधून एखाद्या संध्याकाळचं. गॅसवर सगळं टाकायचं नाही हे २०१९ च्या जानेवारीनंतर मनात बसलंय. पारा शून्य फॅरनहाइटच्या दहा-बारा अंश खाली होता आणि ऐन त्या दिवशी मॅकोम्ब काउंटीतल्या गॅस कॉम्प्रेसर स्टेशनला आग लागली. रात्री सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले: गॅस वाचवा, थर्मोस्टॅट ६५ पर्यंत खाली आणा. इथल्यांना ती रात्र आठवत असेल.

तर घेतला तो २४० व्होल्टचा, ५६०० वॉटचा, पंखा असलेला, हँडल धरून उचलता येणारा डबा. या प्रकारच्या डब्यांची किंमत दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास असते. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण बरंवाईट जे सांगणार आहे ते या वर्गालाच लागू आहे. कॉइल, पंखा, थर्मोस्टॅट आणि पत्रा, यापलीकडे कुणाच्याच डब्यात फारसं काही नसतं. तासाला साधारण १९००० बीटीयू. ओढतो २३ अँपिअरच्या थोडं वर, म्हणून ३० अँपिअरचा ब्रेकर आणि दहा गेजची तांब्याची वायर. सलग चालणाऱ्या वस्तूने ब्रेकरच्या ऐंशी टक्क्यांच्या आत राहावं असा नियम, तीसचे ऐंशी टक्के चोवीस, त्यात हा बसतो. हा आकडा योगायोग नाही, डबा बनवणाऱ्याने तो नियम बघूनच वॉट ठरवलेत.

प्लगकडे लक्ष द्या. या हीटरचा प्लग ड्रायरच्या सॉकेटात जात नाही, दोघांची पाती वेगळी. बाजारात अॅडॅप्टर मिळतात. घेऊ नका. मी वायरिंग शिकलेली असूनही इलेक्ट्रिशियनच बोलावला, टाउनशिपचं परमिट काढलं, इन्स्पेक्टर येऊन बघून गेला. पॅनेल बेसमेंटच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे वायरीचा आणि मजुरीचा खर्च हीटरच्या तिप्पट झाला. किंमत विचारणाऱ्यांनी हा आकडा धरूनच विचार करावा. ज्यांच्या गॅरेजातच पॅनेल आहे त्यांचं नशीब चांगलं.

चालतो कसा? बाहेर वीस-पंचवीस असताना गॅरेज साधारण तासाभरात पन्नाशीला येतं. हवा लवकर तापते, लाकूड आणि लोखंड मागून. म्हणून गोंदकाम असेल तेव्हा चहाच्या आधी हीटर चालू करते, फळ्या आदल्या रात्रीच कपडे धुण्याच्या खोलीत आणून ठेवते. गोंदाची बाटली तर थंडीभर तिथेच मुक्कामाला असते. विजेचा दर युनिटला १८ सेंट धरला तर पूर्ण ताकदीवर तासाला एक डॉलर. पंचावन्न गाठलं की थर्मोस्टॅट चालू-बंद करत राहतो, तेव्हा खर्च उतरतो. एका चौरंगाच्या मजुरीत हे सहज बसतं.

तक्रारी आहेत. पंखा मोठ्याने घुमतो. रेडिओवर नाट्यसंगीत लावलं तर तान त्यात बुडून जाते, फक्त तबला ऐकू येतो. थर्मोस्टॅटच्या नॉबवर आकडाच नाही, नुसती ‘कमी’पासून ‘जास्त’पर्यंत एक जाड होत जाणारी रेघ. भिंतीवर वेगळं थर्मामीटर टांगून, ५५ आलं तिथे नॉबशेजारी पेन्सिलीने खूण केली. वायर आखूड, जेमतेम सहा फूट, आणि ती वाढवायची नाही. म्हणजे सॉकेट जिथे, हीटर तिथे. ‘पोर्टेबल’ म्हणायचं ते हँडलपुरतंच. त्यामुळे इलेक्ट्रिशियनला बोलावण्याआधी खडूने जागा आखून घ्या: समोर तीन फूट मोकळे हवेत, लाकडाचा ढीग आणि भुसा उडण्याची जागा त्याच्या पलीकडे. तासभर चालल्यावर प्लगला हात लावून बघायची मला सवय आहे. कोमट ठीक, चटका बसला तर सॉकेट ढिलं आहे, ताबडतोब बंद करायचा. आणि पाय. हवा ५५ झाली तरी काँक्रीट गारच, थंडी तळव्यातून वर येते. जाड रबरी मॅट टाकल्याशिवाय कुठल्याही हीटरचं खरं नाही.

भुसा हा या पंख्यावाल्यांचा शत्रू. बारीक धूळ मागच्या जाळीतून आत जाते, तापलेल्या कॉइलवर जळते, वास येतो. सँडिंग करताना हीटर बंद, हा नियम. महिन्यातून एकदा मागून व्हॅक्यूम. पॉलिश करायचं असेल तेव्हाही आधी गॅरेज तापवून घेते, हीटर बंद करून प्लग काढते, मगच डबा उघडते, आणि वस्तू वाळायला घरात नेते. घरात वास येतो म्हणून बोलणी बसतात, ती ऐकून घेते.

याहून मोठी गोष्ट पेट्रोलची. आपल्या प्रत्येकाच्या गॅरेजात स्नोब्लोअर असतो आणि त्याच्या शेजारी पेट्रोलचा लाल डबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती फरशीवरून सरपटते. गॅरेजातल्या वॉटर हीटरसारख्या वस्तूंचा ठिणगीचा भाग जमिनीपासून १८ इंच वर हवा असा इथल्या बांधकामाच्या कोडचा नियम आहे, तो याचसाठी. आमचा हीटर तर जमिनीवरच बसतो. म्हणून स्नोब्लोअर आणि डबा दोन्ही मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेले. बर्फ पडलं की आधी फावड्याने शेडपर्यंत वाट काढायची आणि मग स्नोब्लोअर आणायचा, असा द्राविडी प्राणायाम आहे खरा. नवऱ्याची गाडीही मी काम करते तेव्हा बाहेर. तो कुरकुरतो. पण रस्त्यावरच्या मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजात ठेवली की गंज जास्त वेगाने चढतो, हे त्याला पटवल्यापासून कुरकुर कमी आहे.

सगळ्यांनी एवढं करावं असं मी म्हणत नाही. महिन्यातून एकदा सायकल दुरुस्त करायला जाणाऱ्याने २४० च्या नादी लागू नये. १५०० वॉटचा इन्फ्रारेड घ्यावा, क्वार्ट्झच्या लाल नळ्यांचा, आणि तो स्वतःकडे रोखून बसावं. तो हवा तापवत नाही, तुम्हाला तापवतो. पाठ गार राहते, पण समोरचे हात चालतात. मुलं अभ्यासाला किंवा तबल्याच्या रियाजाला गॅरेजात बसत असतील तर तेलाचा रेडिएटर बरा. आवाज शून्य, लाल होणारं काही नाही, फक्त तापायला वेळ घेतो. दोन्हींच्या बाबतीत आधी दाराचं किट, मग हीटर. कुठलाही घ्या, यूएल किंवा ईटीएलचा (सुरक्षेच्या चाचणीचा) शिक्का आणि कलंडला तर बंद होण्याची सोय बघून घ्या. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त डब्यांवर तो शिक्का नसतोच, तिथे दहा डॉलर वाचवायचा मोह नको.

पाचपैकी चार देते. एक कापला तो आवाज आणि नॉब मिळून. आणि घ्यायचं ठरवलंच असेल तर इलेक्ट्रिशियनला सप्टेंबरात फोन करा, गणपती उरकले की लगेच. पहिलं बर्फ पडल्यावर अख्ख्या गावाला एकदम थंडी वाजते आणि मग तुम्हाला तारीख मिळते ती होळीची.